मानद अध्यक्षांची अंतिम मंजुरी

या सगळ्याची सुरुवात दह्यापासून झाली.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या जयंती स्मरणिकेत कार्याध्यक्षांचं मनोगत छापून आलं. मनोगत उत्तम होतं. संविधान, बंधुता, शिक्षण, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त शेवट असा होता: 'चला तर मग, समतेच्या या वाटेवर एकजुटीने पुढे जाऊ या. येताना अर्धा किलो दही आण, घरचं आंबट झालंय.' कार्याध्यक्ष सोनोने साहेबांनी ते मनोगत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार तुकड्यांत पाठवलं होतं. चौथ्या तुकड्याच्या पाठोपाठ माझ्या पत्नीचा, समताचा, मला पाठवायचा निरोप चुकून त्याच ग्रुपवर पडला, आणि मी श्रद्धेने सगळंच उचलून छपाईला दिलं. सोनोने साहेब केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही कागदात दही शिरलं नव्हतं. ते मला काही बोलले नाहीत. फक्त वर्षभर भेटले की "जय भीम, धम्मदीपजी, दही मिळालं का?" एवढंच विचारायचे.

तेव्हा यंदा स्मरणिकेच्या कामाला शिस्त लावायची, असा मी निश्चय केला.

आमचं मंडळ म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातून नोकरीसाठी दिल्लीत आलेली आणि पुढे गाझियाबाद-नोएडात पसरलेली साठ-सत्तर बौद्ध कुटुंबं. चौदा एप्रिलला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात कार्यक्रम होतो आणि त्यात स्मरणिकेचं प्रकाशन होतं. मी नोएडातल्या एका कंपनीत डेप्युटी मॅनेजर आहे. शिवाय मी आमच्या विभागाचा 'डिजिटल चॅम्पियन' आहे. त्याचा एक बिल्ला मिळतो. तो शर्टाला लावायचा की नाही हे ऐच्छिक आहे, मी लावतो.

कंपनीनं दोन वर्षांपूर्वी एकत्र काम करण्यासाठी एक भलीमोठी ऑनलाइन प्रणाली घेतली. तिचं नाव टीमकुंज. दिल्लीत वसाहतींच्या नावांना कुंज लागतं, त्यामुळे ते ऐकलं की लोक आधी पार्किंगचं विचारतात, पण हे तसलं नाही. यात फायली ठेवता येतात, त्यावर चार जणांना काम करता येतं, कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते. कर्मचाऱ्यांनी समाजकार्यासाठी दहा पाहुण्यांपर्यंत एक खोली उघडावी, अशी कंपनीची योजना होती. पाच हजार कर्मचाऱ्यांमधून आजवर एकानेही ती उघडली नव्हती, यावरून मी सावध व्हायला हवं होतं. मी उलट त्यात नेतृत्वाची संधी पाहिली.

लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधले अंकल भेटले. त्यांना मी बेत सांगितला. ते म्हणाले, "बेटा, ग्रुप बना लो. हमारी तो पूरी रामलीला व्हॉट्सॲप पे होती है, हनुमान भी वहीं से मिला था." मी त्यांना डेटा सुरक्षेबद्दल सांगायला लागलो तेव्हा ते म्हणाले, मजला आला. त्यांचा मजला आणि माझा एकच आहे, तरी ते एक मजला आधीच उतरले.

खोली उघडायचा फॉर्म सात पानी होता. त्यात 'माहितीची संवेदनशीलता' असा रकाना होता: सार्वजनिक, अंतर्गत, गोपनीय. स्मरणिका अजून प्रसिद्ध झालेली नाही, म्हणजे ती सार्वजनिक कशी म्हणता येईल? मी 'गोपनीय' निवडलं. त्या शब्दाला वजनही होतं. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की गोपनीय खोलीतली कोणतीही फाईल अंतिम मंजुरीशिवाय बाहेर काढता येणार नाही. मी ते वाचलं आणि मला अभिमानच वाटला.

त्यानंतर कोणाचा काय अधिकार ते भरायचं होतं. लेखक म्हणून सोनोने साहेब, समता आणि इतर मंडळी. मांडणीसाठी शिवांगी. ही आमच्या मंडळातली तरुण मुलगी, जाहिरात कंपनीत काम करते, हुशार आहे आणि ते लपवत नाही. सगळ्यात शेवटी, सगळ्यात वरच्या चौकटीत, 'अंतिम मंजुरी' देणाऱ्याचं नाव हवं होतं.

आता आपल्याकडे कुठलंही काम निघालं की एक मानद अध्यक्ष लागतो. आमच्या मानद अध्यक्ष मीराबाई तायडे. वय शहात्तर. मंडळाची पहिली जयंती बहात्तर साली सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमधल्या मैदानावर झाली, तेव्हापासूनच्या सभासद. त्यांचं नाव पत्रिकेवर सगळ्यात वर असतं. कार्यक्रमात त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवतात, शाल देतात, आणि मग कार्यक्रम होतो. तेव्हा सगळ्यात वरच्या चौकटीत मी त्यांचंच नाव घातलं. यात काही विचार करण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. मानाची जागा मानाच्या माणसाला दिली. पण टीमकुंजला 'मानद' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

पाहुण्यांना आत घेण्यापूर्वी प्रत्येकानं 'कार्यस्थळ सुरक्षा' नावाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहून दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. शिवांगीनं आवाज बंद करून तो चालू ठेवला आणि तेवढ्यात केस धुतले. सोनोने साहेब दोनदा नापास झाले. कोणत्या आगीवर कोणतं अग्निशामक वापरायचं यावर त्यांचे आणि व्हिडिओचे मतभेद होते, आणि ते माघार घ्यायला तयार नव्हते. समता म्हणाली, "अरे यार धम्मदीप, मला एक कविता पाठवायचीय. पासपोर्ट नाही काढायचा."

मीराबाईंनी मात्र वही घेऊन टिपणं काढत व्हिडिओ पाहिला. दहापैकी दहा. प्रमाणपत्र आलं, ते त्यांनी मुलाकडून छापून घेऊन टीव्हीच्या वर लावलं.

मग पासवर्ड. चौदा अक्षरं, त्यात आकडा हवा, चिन्ह हवं, आणि दर पंधरा दिवसांनी नवा. शिवाय फोनवर येणारा सहा आकडी कोड तीस सेकंदांत टाकायचा. सोनोने साहेब चष्मा शोधेपर्यंत कोड मरायचा. त्यांनी मला फोन करून विचारलं, "धम्मदीपजी, यापेक्षा गृह मंत्रालयात शिरणं सोपं होतं. बिल्कुल सोपं. तिथे निदान शिपाई ओळखायचा."

तरी पहिल्या आठवड्यात नऊ लेख आत आले. त्यातले तीन उघडल्यावर नुसत्या चौकोनी चौकटी दिसत होत्या, कारण प्रणालीला आपली लिपी अधूनमधूनच आवडायची. मी कंपनीच्या मदत कक्षातल्या नीरजला फोन केला. तो म्हणाला, "सर, टिकट रेज कर दीजिए." तक्रार नोंदवण्याला ते तिकीट म्हणतात. तिकीट काढलं की माणूस कुठेतरी पोचतो असा माझा समज होता.

चौकटी गेल्यावर कुलूप आलं. एकानं लेख उघडला की तो इतरांसाठी बंद होतो, ही टीमकुंजची सुरक्षितता. सोनोने साहेबांनी समताची कविता उघडली, एक स्वल्पविराम घातला, आणि संगणक तसाच ठेवून चार दिवस मेरठला साडूकडे गेले. चार दिवस ती कविता 'काशीनाथ सोनोने यांच्या ताब्यात' होती. समताला रोज तसा ईमेल येत होता. तिनं मला जेवायला वाढलं, पण वाढताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. कुणी लेखात बदल सुचवला की दुसऱ्यानं त्यापुढचं 'स्वीकार' किंवा 'नामंजूर' बटण दाबायचं. आता सोनोने साहेबांनी सुचवलेल्या बदलाला नामंजूर कोण म्हणणार? समोरासमोर "साहेब, ते जरा बघू या" म्हणून वेळ मारून नेता येते. 'जरा बघू या' असं बटण टीमकुंजमध्ये नव्हतं. त्यामुळे कोणी काहीच दाबलं नाही, आणि प्रत्येक लेखात जुनी वाक्यं आणि नवी वाक्यं शेजारी शेजारी नांदू लागली. एका लेखात बाबासाहेबांचा जन्म दोन वेळा झाला होता.

आणि एके संध्याकाळी स्वयंपाकघरात समता फोनकडे बघून खुदकन हसली. फोन ओट्यावर होता. मी मुद्दाम पाहिलं नाही, पण दिसलं. ग्रुपचं नाव होतं 'खरी स्मरणिका'. सभासद तेवीस.

"हे काय आहे?"

"काही नाही. शिवांगीनं बनवलाय. सगळं मटेरियल तिथे आलंय, चार दिवसांत मांडणी पण झाली."

"आणि मी?"

"तुला ॲड करणारच होतो रे. पण तू आलास की नियम घेऊन येतोस."

मी संपादक. माझ्या पाठीमागे माझीच स्मरणिका तयार होत होती आणि माझ्याच घरात तिच्यावर हसणं चाललं होतं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन टीमकुंज उघडलं. तिथे हिरवा दिवा असलेली दोनच नावं होती. एक मी. दुसऱ्या मीराबाई तायडे.

मीराबाई काम करत होत्या.

त्यांनी एकेक लेख उघडून वाचला होता आणि प्रत्येकाखाली शेरा लिहिला होता. समताच्या कवितेखाली: 'मंजूर. दुसरे कडवे चांगले आहे. स्वल्पविराम अनावश्यक, काढला.' एका लेखाखाली: 'बाबासाहेबांचा जन्म एकदाच ठेवावा.' माझ्या सात पानी संपादकीयाखाली: 'मुद्दा पान चारवर येतो. तिथून सुरू करावे.' मी तो शेरा तीनदा वाचला. पहिली तीन पानं मी रात्रंदिवस घासून लिहिली होती आणि त्यात गाझियाबादच्या सूर्यास्ताचं वर्णन होतं.

सोनोने साहेबांच्या लेखाचं नाव होतं 'मंडळाची पन्नास वर्षे'. त्यात पहिल्या जयंतीचा इतिहास होता. नऊ संस्थापकांची नावं, पदं, खाती आणि गावं होती. शेवटी 'याप्रसंगी भगिनींचे सहकार्य लाभले' असं वाक्य होतं. त्याखाली मीराबाईंचा शेरा: 'कोणत्या भगिनी? नावे द्यावीत. परत.'

साहेबांनी तो लेख सुधारून पाठवला: 'याप्रसंगी अनेक भगिनींचे मोलाचे सहकार्य लाभले.' शेरा आला: 'मोल कळले. नावे कळली नाहीत. परत.' साहेबांनी पुन्हा पाठवलं: 'ज्ञात-अज्ञात भगिनींचे.' शेरा आला: 'अज्ञात कशा? ज्यांनी वाढले त्यांना जेवणाऱ्यांनी पाहिले असेल. परत.'

साहेबांचा फोन आला. आवाजात छत्तीस वर्षांची नोकरी होती. "धम्मदीपजी, ही सिस्टिम मानद अध्यक्षांना शेरे मारू देते?"

"देते, साहेब."

"तर ते बंद करा."

मी नीरजला फोन केला. अंतिम मंजुरी देणारी व्यक्ती बदलायची आहे, म्हटलं. तो म्हणाला, "हो जाएगा सर. बस करंट अप्रूवर का अप्रूवल लगेगा." म्हणजे मीराबाईंना काढायचं तर मीराबाईंनी मंजुरी द्यायला हवी होती. मी तरी तिकीट काढलं. कंपनीत काम करणाऱ्या माणसाला काही केल्याचं समाधान हवं असतं.

मग शेवटचा उपाय म्हणून मी मीराबाईंच्या घरी गेलो. त्या आमच्याच सोसायटीत, मागच्या टॉवरमध्ये मुलाकडे राहतात. टॅबलेट भिंतीला टेकवून, पुढे वही घेऊन बसल्या होत्या. टीव्हीच्या वर प्रमाणपत्र होतं.

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही एवढा त्रास कशाला घेता? ते हिरवं बटण आहे ना, ते फक्त दाबायचं. बाकी आम्ही बघतो."

"न वाचता?"

"तुमचा मान म्हणून तुमचं नाव आहे, काकू."

त्यांनी चष्मा काढला. "धम्मा, मी तेहतीस वर्षं आवक-जावकवर होते. माहीत आहे ना? फाईल आली, नोंद केली, पुढे पाठवली. मी सगळ्या वाचायचे. चुका दिसायच्या. कुणाची पेन्शन चुकीच्या तारखेनं अडलीय, कुणाचं नावच उलटं लिहिलंय. साहेबाला सांगायला गेलं की म्हणायचा, मीराबाई, आप बस डायरी नंबर डालिए. तेहतीस वर्षांत एका फाईलवर मी शेरा मारू शकले नाही." त्यांनी टॅबलेटकडे बोट दाखवलं. "आता इथे लिहिलंय, अंतिम मंजुरी, मीराबाई तायडे. कुणी दिलंय ते मला?"

"मी," मी म्हटलं.

"मग?"

मी चहा प्यायलो आणि आलो.

इथे मला शौर्य दाखवता आलं असतं. पण दोन दिवसांनी आमच्याकडे बैठक झाली. मीराबाईंना त्यासाठी खाली-वर करायला नको, म्हणून त्यांना बोलावलं नव्हतं. त्यात ठरलं की 'खरी स्मरणिका' ग्रुपवरची प्रत छपाईला द्यायची, भगिनींचं वाक्य आहे तसं ठेवायचं, आणि मीराबाईंना प्रकाशनाच्या वेळी शाल द्यायची. सोनोने साहेब म्हणाले, "त्यांचा मान राहिलाच पाहिजे. चलो, ठरलं." शिवांगीनं माझ्याकडे पाहिलं. समतानंही पाहिलं. मी मान हलवली. त्या संध्याकाळी मी टीमकुंज उघडलं तर मीराबाईंच्या नावापुढे हिरवा दिवा होता. त्या अजून वाचत होत्या. मी लाज वाटून लॅपटॉप बंद केला.

सहा एप्रिलला शाहदऱ्याहून छपाईवाल्याचा फोन आला. "भाईसाहब, लेख तो ठीक हैं, फोटो में कुछ है ही नहीं. छापूँगा तो भूत दिखेंगे."

व्हॉट्सॲपवरून दहा जणांकडे फिरून आलेले फोटो बारीक होत होत नखाएवढे झाले होते. बहात्तर सालच्या पहिल्या जयंतीचा तर नुसता धूर दिसत होता. मुखपृष्ठावर तोच जायचा होता. त्याची चांगली, मोठी प्रत एकाच ठिकाणी होती. सोनोने साहेबांचा पुतण्या मानस अकोल्याला असतो. त्यानं घरच्या अल्बममधून ती स्टुडिओत जाऊन काढून घेतली आणि माझ्या सांगण्यावरून थेट टीमकुंजवर चढवली होती. माझ्याच सांगण्यावरून, गोपनीयतेच्या नियमाला धरून, स्वतःकडची प्रत पुसूनही टाकली होती. मानस आता सहकुटुंब केरळात फिरत होता आणि अल्बम अकोल्यात कुलुपात होता. टीमकुंजवरून फोटो बाहेर काढायचा तर अंतिम मंजुरी हवी. आठ तारखेला छपाई सुरू व्हायला हवी होती.

आम्ही चौघं मीराबाईंकडे गेलो. सोनोने साहेबांनी सोबत अर्धा किलो पेढे घेतले होते.

मीराबाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पेढे आत ठेवले. मी प्रकरण सांगितलं. बैठकीचं सांगताना माझा आवाज बारीक झाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मला न विचारता छापायला दिलं होतं."

सोनोने साहेबांनी पाण्याचा पेला पुन्हा उचलला, तो रिकामा होता.

"आणि फोटो धड असता तर तुम्ही आलाही नसतात."

"आलो नसतो, काकू," मी म्हटलं. निदान एवढं तरी खरं बोललो.

त्यांनी टॅबलेट पुढे ओढला. तो फोटो मोठा करून उघडला. नऊ जण ताठ उभे, मागे कापडी फलक. उजव्या कडेला काहीतरी होतं. शिवांगी म्हणाली, "आजी, तो डाग मी कापणार होते." मीराबाईंनी दोन बोटांनी तो कोपरा आणखी मोठा केला. डाग नव्हता. हिरव्या बांगड्या घातलेला एक हात होता आणि हातात वरणाचा डाव.

"माझा आहे तो," त्या म्हणाल्या. "फोटोवाला म्हणाला, बहनजी जरा साइड हो जाइए. मी पूर्ण बाजूला झाले नव्हते." मग त्यांनी टॅबलेट सोनोने साहेबांपुढे केला. "काशीनाथ, तू तेव्हा बावीस वर्षांचा. पंगतीत दोनदा बसला होतास. लिही नावं. लिहिलीस की मी बटण दाबते."

सोनोने साहेबांना काशीनाथ म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. ते खुर्चीत पुढे सरकले. "एक तुम्ही. मग... ढवळे बाबूंच्या घरातल्या. आणि कोपऱ्यावरच्या क्वार्टरमधल्या, त्या जाड... त्यांचा मुलगा पुढे रेल्वेत गेला. आणि आमच्या वहिनी."

"वहिनींचं नाव?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दिल्लीत आल्यावर दोन वर्षं ते सरोजिनी नगरला भावाच्या क्वार्टरमध्ये राहिले होते. वहिनींच्या हातची भाकरी खाऊन त्यांनी खात्याची परीक्षा दिली होती, हे ते दर वर्षी भाषणात सांगतात. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मला इतका वेळ त्यांचा राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि मानसला लावला. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. "मानस, मी काका. ऐक, तुझ्या आजीचं... नाही, तुझ्या आईचं... अरे, माझ्या वहिनीचं नाव काय?"

मग मानसचा घाबरलेला आवाज सगळ्यांना ऐकू आला. "काका, तुमची तब्येत बरी आहे ना? जवळ कोण आहे? फोन द्या त्यांना."

"मी ठीक आहे रे! नाव सांग फक्त."

"शेवंता. आईचं नाव शेवंता, काका."

"शेवंता," साहेब म्हणाले. मग आमच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "शेवंता सोनोने." आणि त्यांनी मीराबाईंच्या वहीत ते स्वतःच्या हातानं लिहिलं. अवर सचिवांचं अक्षर अजून सुंदर आहे.

बाकीच्यांसाठी समतानं 'खरी स्मरणिका'वर निरोप टाकला, आणि हे मला मोठ्या मनानं कबूल केलं पाहिजे की ज्या कामाला टीमकुंजवर तिकीट काढून दहा दिवस लागले असते ते व्हॉट्सॲपवर चाळीस मिनिटांत झालं. नागपूर, वाशिम, पुणे, एक तर कॅनडा. 'त्या जाड बाई म्हणजे माझी आजी, अनुसया.' 'जिलबी करणाऱ्या पंचफुलाबाई, फोटो पाठवते.' 'ढवळे काकू गिरजा. त्यांनीच फलक शिवला होता.' मधेच कुणीतरी गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवला, पण त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. अकरा नावं झाली. साहेबांनी अकराही लिहिली.

मीराबाईंनी वही घेतली, वाचली आणि मान हलवली. तेव्हा शिवांगीला राहवलं नाही. "आजी, तुम्हाला तर ही सगळी नावं माहीत असणार. मग तुम्हीच का नाही टाकलीत?"

"मला माहीत होतीच," मीराबाई म्हणाल्या. "इतिहास लिहिणाऱ्याला माहीत आहेत का, ते विचारलं होतं."

त्यांनी बटण दाबलं. मग आमच्यासाठी चहा टाकायला उठल्या, तर सोनोने साहेब म्हणाले, "तुम्ही बसा, ताई," आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा कुठे आहे हे त्यांनी तीनदा ओरडून विचारलं. चहा वाईट झाला होता, तरी सगळ्यांनी प्यायला.

स्मरणिका वेळेवर निघाली. मुखपृष्ठावर पूर्ण फोटो, कडेच्या हातासकट, आणि खाली वीस नावं. माझं संपादकीय एक पानाचं झालं. समता म्हणाली, तिनं ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. सूर्यास्त गेला त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मे महिन्यात आमच्या घरी आढावा बैठक झाली. या वेळी मीराबाई पहिल्या खुर्चीवर होत्या. पुढल्या वर्षी टीमकुंज नको, साधं व्हॉट्सॲप बरं, असं एकानं म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. डिजिटल चॅम्पियन असूनही मी डोलावली. तेवढ्यात माझा फोन वाजला. मार्चमध्ये काढलेलं माझं तिकीट सव्वा महिन्यानं निकाली निघालं होतं. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबलो, पण उशीर झाला होता.

"वाच ना," समता म्हणाली.

"'अंतिम मंजुरी-अधिकारी बदलण्याची विनंती: नामंजूर. शेरा: विनंतीत कारण दिलेले नाही. विद्यमान अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार नाही. व्यवस्था आहे तशी चालू ठेवावी. मी. तायडे.'"

सगळ्यांनी मीराबाईंकडे पाहिलं. त्यांनी टॅबलेट पिशवीत ठेवला आणि चकलीचा तुकडा मोडला. "व्हॉट्सॲपवर खुशाल गप्पा मारा," त्या म्हणाल्या. "मीही मारते. पण तिथे मला कोणी विचारत नाही. आणि पंधरा दिवस झालेत, सगळ्यांनी पासवर्ड बदलून घ्या."

मला वाटलं, आता सोनोने साहेब उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "धम्मदीपजी, चौदा लागतात ना? इंग्रजीत शेवंता लिहिलं की आठ होतात. पुढे एकोणीसशे बहात्तर. मग दोन चिन्हं कोणती टाकू?"